ओपनएसएसएच ९.८ : परतून आलेल्या दोषानंतरचे परीक्षण

सर्व्हरवर दुरून लॉगिन करण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएच या सॉफ्टवेअरचे परीक्षण लिहावे, असे एरवी कोणाच्या मनात येत नाही. ते विनामूल्य मिळते, लिनक्स या संगणकप्रणालीसोबत आयतेच येते आणि वर्षानुवर्षे विनातक्रार चालत राहते. त्यामुळे त्याची निवड आपण कधी केली होती, हेच मुळी कोणाच्या ध्यानात राहत नाही. परंतु १ जुलै २०२४ रोजी क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी त्यातील जो दोष जाहीर केला, त्याचा आधार घेऊन पासवर्ड किंवा किल्ली (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी डिजिटल फाइल) यांपैकी काहीही जवळ नसलेला माणूस इंटरनेटवरून थेट रूटचे, म्हणजे त्या यंत्रावरील सर्वोच्च, अधिकार मिळवू शकत होता. त्याच दिवशी दुरुस्त केलेली ९.८ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. इंदूरमधील काही लहान संस्थांचे आणि व्यापारी पेढ्यांचे सर्व्हर सांभाळण्याचे काम मी करते, आणि या सगळ्यांची भिस्त ज्या एका प्रोग्रामवर आहे त्याकडे ग्राहकाच्या चिकित्सक नजरेने पाहावे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. माझे मत आधीच सांगते. ओपनएसएसएच अजूनही विश्वास ठेवण्याजोगे आहे, आणि माझा हा विश्वास दोष सापडल्यानंतर त्याच्या कर्त्यांनी रचनेत जे बदल केले त्यांवर उभा आहे. त्यांच्याविषयी एक गंभीर तक्रारही आहे, ती पुढे येईलच.

आधी थोडी ओळख. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड टिपून घेणारा हल्ला झाला, तेव्हा तेथील टाटू युलोनेन यांनी एसएसएच हा लॉगिनचा सुरक्षित मार्ग तयार केला. त्यापूर्वी टेलनेट आणि आरलॉगिन या लॉगिनच्या जुन्या साधनांमधून पासवर्ड उघड्या अक्षरांत प्रवास करत असे. पुढे मूळ सॉफ्टवेअरच्या परवान्यातील अटी वाढत गेल्या, म्हणून ओपनबीएसडी ही संगणकप्रणाली बनवणाऱ्या प्रकल्पातील मंडळींनी १९९९ मध्ये त्याच्या जुन्या, मुक्त आवृत्तीवरून ओपनएसएसएच घडवले. आज लिनक्सचा जवळजवळ प्रत्येक सर्व्हर, मॅक, आणि आता विंडोजसुद्धा तेच वापरतो. किंमत शून्य आहे. ज्यांचा धंदा त्यावर चालतो त्यांनी ओपनबीएसडी फाउंडेशनला अधूनमधून देणगी द्यावी, असे मला मनापासून वाटते.

दोषाची मेख समजून घेण्यासारखी आहे, कारण तीत कोणतीही जादू नाही. कोणी सर्व्हरशी जोडणी केली की ओपनएसएसएचचा सर्व्हरवर चालणारा एसएसएचडी हा प्रोग्राम त्याला ओळख पटवण्यासाठी ठरावीक मुदत देतो. लॉगिनग्रेसटाइम या नावाची ही मुदत मुळात १२० सेकंदांची असते. मुदत संपली आणि समोरच्याने ओळख पटवली नाही, तर कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, त्या जोडणीसाठी चालू असलेल्या प्रोग्रामला (प्रोसेसला) सिगअलार्म हा सिग्नल पाठवतो. प्रोसेस हातातले काम जिथल्या तिथे थांबवते, ‘ओळख न पटताच वेळ संपली’ अशी नोंद लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, करते आणि बंद होते. घोटाळा या नोंद करण्यात होता. लिनक्सवरील जीलिबसी या लायब्ररीत, म्हणजे सर्व प्रोग्रामना वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संचात, लॉग लिहिणारे सिसलॉग हे फंक्शन स्वतःसाठी मेमरी मागून घेते. आता सिग्नल नेमका अशा क्षणी आला, की त्याच प्रोसेसचे मेमरी घेण्याचे किंवा परत करण्याचे दुसरे काम अर्धवट होते, तर त्या अर्ध्या अवस्थेतील हिशोबावरच सिसलॉग आपला हिशोब मांडू लागते. इंदूरच्या सियागंज बाजारातील पेढीवर मुनीम खतावणीत रक्कम उतरवत आहे, नावाच्या बाजूला आकडा लिहिला आहे, जमेच्या बाजूला अजून लिहायचा आहे, आणि तेवढ्यात घंटा वाजल्यामुळे त्याला ते पान तसेच सोडून त्याच खतावणीत दुसरी नोंद करावी लागली, तर पुढचे सगळे हिशोब जसे बिघडतील, तसेच हे आहे. हल्लेखोराला एवढेच साधायचे असते, की घंटा वाजण्याची वेळ आणि हिशोब अर्धा असण्याची वेळ एकच यावी. त्यासाठी तो आपण पाठवत असलेल्या माहितीच्या तुकड्याचा (पॅकेटचा) शेवटचा बाइट मुदत संपण्याच्या बेताने पाठवतो. वेळ जुळली, की बिघडलेल्या मेमरीतून तो आपला कोड चालवून घेतो.

यात अधिक गंभीर गोष्ट ही, की हे सगळे एसएसएचडीच्या ज्या भागात घडत होते, तो भाग रूटच्या अधिकाराने चालत होता. ओपनएसएसएचमध्ये २००२ पासून निल्स प्रोव्होस यांच्या कामामुळे अधिकारांची विभागणी आहे. परक्या माणसाचे बोलणे ऐकणारा भाग कमी अधिकाराने, बंदिस्त वातावरणात चालतो, आणि तेथे काही फुटले तरी यंत्र हाती लागत नाही. हा दोष त्या बंदिस्त भागाच्या बाहेर होता. म्हणूनच अनुभवी मंडळींनाही तो धक्का देणारा वाटला.

लोकमान्यनगरमधील एका पतसंस्थेचे सचिव, ज्यांना मी काका म्हणते, यांना हे सांगायला गेले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न अगदी स्वाभाविक होता. ‘‘अगं, पण आपला पासवर्ड तर चांगला लांबलचक आहे ना? तूच ठेवायला लावलास. मग घाबरायचं कशाला?’’ मी म्हटले, ‘‘काका, पासवर्ड विचारायची पाळी येण्याच्या आधीच हा माणूस आत येतो. त्याला तुमच्या पासवर्डाशी काही देणंघेणंच नाही.’’ या एका मुद्द्यावर मला इतरांशीही पुन्हा पुन्हा बोलावे लागले. पासवर्ड कितीही मोठा असो, पासवर्ड पूर्ण बंद करून केवळ किल्लीने लॉगिन ठेवलेले असो, रूटचे थेट लॉगिन बंद असो, या सगळ्या चांगल्या सवयी आहेत आणि त्या ठेवल्याच पाहिजेत. परंतु ओळख पटवण्याच्या पूर्वीच फुटणाऱ्या दोषासमोर त्यांचा उपयोग शून्य असतो. एसएसएचचे नेहमीचे पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक) २२ सोडून २२२२ वर सर्व्हर ऐकत ठेवण्याचा उपाय इंदुरातील अनेक कार्यालयांत दिसतो. त्याने लॉगमधील गोंगाट कमी होतो, एवढेच.

लॉगचा विषय निघालाच आहे तर तो जवळून पाहू. लिनक्सच्या उबुंटू या प्रकारावर ऑथ डॉट लॉग या फाइलमध्ये या हल्ल्याची खूण उमटते ती एकाच प्रकारच्या ओळीने: आधी तारीख आणि वेळ, मग यंत्राचे नाव, मग एसएसएचडी आणि प्रोसेसचा क्रमांक, आणि त्यापुढे ‘फेटल: टाइमआउट बिफोर ऑथेंटिकेशन फॉर’ असे शब्द व समोरच्याचा आयपी पत्ता. अशी एखाददुसरी ओळ कोणत्याही सर्व्हरवर रोज दिसते. कोणाचे नेट मध्येच जाते, कोणता तरी बॉट, म्हणजे आपोआप फिरणारा प्रोग्राम, जोडणी करून गप्प बसतो. एकाच पत्त्यावरून अशा ओळींची रांग लागली, प्रत्येक दोन मिनिटांनी त्यांचा एक नवा गठ्ठा येऊ लागला, की मात्र हात थांबवून पाहिले पाहिजे. चुकीच्या पासवर्डाच्या ओळी तेथे नसतातच, त्यामुळे केवळ चुकलेले पासवर्ड मोजणारी साधने येथे गप्प राहतात.

हल्ला किती सोपा होता, याविषयी बरीच अतिशयोक्ती झाली. क्वालिसच्या संशोधकांनी ३२ बिटच्या, म्हणजे जुन्या धाटणीच्या, यंत्रासाठीच्या डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर प्रयोगशाळेत तो करून दाखवला. वेळ जुळण्यासाठी त्यांना सरासरी सुमारे १०,००० प्रयत्न लागले. मूळ सेटिंगप्रमाणे एका वेळी १०० अनोळखी जोडण्या स्वीकारल्या जातात आणि प्रत्येकीची मुदत १२० सेकंद असते, म्हणून हिशोब तीन ते चार तासांवर येतो. शिवाय मेमरीतील पत्ते दर वेळी बदलत असल्यामुळे त्यांचा अंदाज निम्म्या वेळाच बरोबर येत असे, तेव्हा रूटचे शेल, म्हणजे यंत्राला आज्ञा देण्याची जागा, हाती पडायला सरासरी सहा ते आठ तास लागत. ६४ बिटच्या यंत्रावर पत्त्यांचा पसारा कितीतरी मोठा असतो आणि तेथे यशस्वी हल्ला त्यांनी दाखवलेला नव्हता. म्हणजे आज दुपारी बातमी वाचली आणि रात्री सगळे सर्व्हर गेले, असा हा प्रकार नव्हता. पण सहा-आठ तास म्हणजे एक रात्रच झाली. रात्री नऊला शटर खाली ओढून सकाळी अकराला उघडणाऱ्या आमच्या बाजारात, एवढ्या वेळात सर्व्हरकडे ढुंकूनही कोणी पाहत नाही. त्यातच जुना संगणक फेकून न देता त्यावर लिनक्स टाकून त्याचाच सर्व्हर करण्याची काटकसर आपल्याकडे सर्रास आहे. काटकसरीला माझा विरोध नाही, परंतु ३२ बिटच्या यंत्रणेवर चालणारा आणि इंटरनेटकडे तोंड केलेला सर्व्हर आता ठेवूच नये, असे मी स्पष्ट सांगते. डेबियनने ऑगस्ट २०२५ मध्ये आणलेल्या १३ व्या आवृत्तीत ३२ बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलर देणेच थांबवले आहे. तेव्हा हा प्रश्न पुढेमागे आपोआप सुटेल, पण तोवर थांबू नये.

आता ती तक्रार. हा दोष नवा नव्हता. २००६ मध्ये मार्क डाउड या संशोधकाने नेमका हाच दोष दाखवला होता, सुरक्षादोषांच्या सीव्हीई या जागतिक यादीत त्याला सीव्हीई-२००६-५०५१ हा क्रमांक मिळाला होता, आणि ४.४ या आवृत्तीत त्यावर उपाय झाला होता. उपाय असा होता, की सिग्नलच्या हाताळणीत लॉग लिहिण्याची ओळ एका अटीच्या आड ठेवली. ज्या यंत्रणेवर त्या वेळी लॉग लिहिणे सुरक्षित आहे तेथेच ती ओळ चालावी, बाकी ठिकाणी प्रोसेसने काही न लिहिता मुकाट्याने बंद व्हावे. पुढे चौदा वर्षांनी, ऑक्टोबर २०२० मध्ये, लॉग लिहिण्याच्या सगळ्या कोडची नव्याने बांधणी करताना ती अट अनवधानाने गळाली. मार्च २०२१ मध्ये आलेल्या ८.५ पासून ९.७ पर्यंतच्या सगळ्या आवृत्त्या त्यामुळे पुन्हा उघड्या पडल्या, आणि तीन वर्षांहून अधिक काळ ते कोणाच्या लक्षात आले नाही. इंग्रजीत अशा परतून आलेल्या दोषाला रिग्रेशन म्हणतात; त्यात एसएसएचची अक्षरे गुंफून क्वालिसने त्याचे रिग्रेएसएसएचआयन (regreSSHion) असे नाव ठेवले आणि त्याला सीव्हीई-२०२४-६३८७ हा नवा क्रमांक मिळाला.

माझ्या मते असे होण्याचे एक कारण या सॉफ्टवेअरच्या जन्मस्थानात आहे. ओपनएसएसएच मुळात ओपनबीएसडीसाठी लिहिले जाते आणि इतर यंत्रणांसाठी त्याची वेगळी, वाहून नेता येईल अशी आवृत्ती काढली जाते, ९.८ पुढचे ‘पी१’ हे अक्षर तिचेच. ओपनबीएसडीने २००१ मध्येच सिग्नलच्या हाताळणीतही सुरक्षित राहील असे लॉगचे फंक्शन तयार केले होते, त्यामुळे त्या यंत्रणेवर हा दोष कधीच नव्हता. ज्या घरात एखादा धोका उरलेलाच नाही, त्या घरातल्या माणसाला त्या धोक्यासाठी केलेली तरतूद अनावश्यक वाटणे शक्य आहे. पण जगातील बहुसंख्य वापर लिनक्सवर आहे, हे त्यांना माहीत होते. एवढ्या जबाबदारीच्या कोडमध्ये, एकदा बुजवलेला दोष पुन्हा उघडला तर ताबडतोब ओरडून सांगेल अशी चाचणी त्या अटीच्या शेजारी असायला हवी होती, किंवा निदान ती अट का आहे हे सांगणारी इतकी ठळक टिप्पणी, की काढणाऱ्याचा हात थबकावा. माझ्या परीक्षणात ९.८ चे गुण येथे कापले जातात. सिग्नलच्या वेळेवर अवलंबून असलेल्या दोषांची चाचणी लिहिणे अवघड असते हे मी जाणते, तरीही कापले जातात.

याच्या उलट, दोष कळवल्यानंतरचे वर्तन मला आदर्श वाटते. क्वालिसने १९ मे २०२४ रोजी कर्त्यांना कळवले. ६ जून रोजी कर्त्यांनी सार्वजनिक कोडमध्ये एक बदल केला, ज्याचे वर्णन त्रास देणाऱ्या क्लायंटांना दंड करण्याची सोय असे होते, आणि त्याच्या पोटात हा दोष बुजवला गेला होता. २० जूनला लिनक्सच्या वितरकांना, म्हणजे उबुंटू, डेबियन असे लिनक्सचे प्रकार तयार करून देणाऱ्यांना, गुप्तपणे माहिती दिली गेली, आणि १ जुलैला दोष, दुरुस्ती व वितरकांचे पॅच (जुन्या आवृत्तीवर चढवायचे दुरुस्तीचे तुकडे) एकाच वेळी बाहेर आले. उबुंटू आणि डेबियन या दोन्हींची सुधारित पॅकेजे त्याच दिवशी उपलब्ध होती. ज्या सर्व्हरांवर सुरक्षेचे अपडेट आपोआप घेण्याची सोय सुरू होती, आणि उबुंटू सर्व्हरवर ती मुळातच सुरू असते, ते कोणी हात न लावता दुरुस्त झाले. पैसे मोजून घेतलेल्या कित्येक उत्पादनांकडून इतकी शिस्त मिळत नाही.

दुरुस्तीचा दर्जा तर त्याहून चांगला आहे. गळालेली अट परत लावून मोकळे होता आले असते. त्याऐवजी ९.८ मध्ये एसएसएचडीचे दोन भाग केले गेले. एक भाग फक्त दाराशी बसून जोडण्या स्वीकारतो. प्रत्येक जोडणीचे पुढचे काम एसएसएचडी-सेशन नावाचा वेगळा प्रोग्राम करतो. मुदत संपली, की सेशनची प्रोसेस आता काहीही लिहीत नाही. ठरावीक क्रमांक मागे ठेवून ती तत्काळ संपते, आणि तो क्रमांक पाहून मुख्य प्रोसेस आपल्या सवडीने, कोणत्याही सिग्नलच्या कचाट्यात नसताना, नोंद करते. म्हणजे पुढे कोणी पुन्हा कोडची बांधणी बदलली, तरी एका अटीवर सारे अवलंबून राहणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या १०.० या आवृत्तीत हीच वाट पुढे नेऊन ओळख पटवण्याचे काम एसएसएचडी-ऑथ या तिसऱ्या प्रोग्रामकडे दिले आहे, त्यामुळे परक्याशी बोलणारा कोड आणि लॉगिननंतरचा कोड यांची मेमरीच आता एक नाही. ज्यांना हे सॉफ्टवेअर का निवडावे असा प्रश्न पडतो, त्यांना मी हे दोन बदल दाखवते.

९.८ मध्ये आणखी एक लहानसा बदल आहे, ज्याची फारशी चर्चा झाली नाही. मार्च २०२४ च्या अखेरीस आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे जाणवले, आणि त्या धाग्यावरून एक्सझेड या फाइल आकुंचित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी मुद्दाम लपवलेला चोरदरवाजा उघडकीस आला. ओपनएसएसएचचा त्यात काही दोष नव्हता. काही वितरकांनी एसएसएचडीला सिस्टमडीशी, म्हणजे लिनक्सवरील सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामशी, बोलता यावे म्हणून त्याची लायब्ररी जोडली होती, आणि तिच्यामागून एक्सझेडची लायब्ररी आत येत होती. ९.८ ने सिस्टमडीला निरोप देण्याचा छोटासा कोड स्वतःच लिहून ती बाहेरची जोड अनावश्यक केली. दुसऱ्याच्या चुकीवरही आपल्या परीने उपाय करणारी ही वृत्ती मला फार मोलाची वाटते.

प्रत्यक्ष वापरात नव्या आवृत्तीची जी सोय सर्वांत ठळकपणे जाणवते, ती म्हणजे वर उल्लेख केलेला दंड. एखाद्या पत्त्यावरून लॉगिन चुकले तर पाच सेकंद, जोडणीमुळे प्रोसेस कोसळली तर नव्वद सेकंद, असे दंड साचत जातात. साचलेला दंड पंधरा सेकंदांच्या पुढे गेला की त्या पत्त्यावरील जोडण्या नाकारल्या जातात, आणि ही मनाई कमाल दहा मिनिटांपर्यंत वाढू शकते. हल्लेखोराला हजारो प्रयत्न करावे लागतात अशा दोषांसाठी हा उत्तम अडसर आहे. पण आपल्याकडील वस्तुस्थिती ध्यानात घ्या. आमच्या एका हिशोबनिसाच्या कार्यालयात सगळी यंत्रे ब्रॉडबँडच्या एकाच सार्वजनिक पत्त्याच्या मागे आहेत. तेथील एका विसरलेल्या बॅकअप स्क्रिप्टमध्ये रद्द केलेली जुनी किल्ली होती. ती स्क्रिप्ट दर थोड्या वेळाने दार ठोठावत राहिली आणि तिचा दंड संपूर्ण कार्यालयाला बसला. कोणाचेच लॉगिन होईना. सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र कारण स्वच्छ लिहिलेले होते, की ओळख पटवण्यात अपयश आल्याच्या दंडापोटी जोडणी सोडून दिली, त्यामुळे मूळ शोधायला वेळ लागला नाही. अशा ठिकाणी कार्यालयाचा पत्ता सवलतीच्या यादीत घालण्याची सोय आहे. तरी ती यादी वापरण्यापूर्वी दंड का बसतो आहे ते शोधावे, कारण बहुतेक वेळा दंड योग्य जागीच बसलेला असतो.

ज्यांनी वितरकाचा पॅच घेतला आहे त्यांनी एक ध्यानात ठेवावे, की त्यांना दुरुस्ती मिळाली आहे, ही नवी रचना आणि हा दंड मिळालेला नाही. उबुंटू २२.०४ वर आवृत्ती आजही ८.९ च दिसते आणि २४.०४ वर ९.६ च दिसते. वितरक जुन्या आवृत्तीवरच पॅच चढवतात. त्यामुळे केवळ मोठा क्रमांक पाहून घाबरणे किंवा निर्धास्त होणे दोन्ही चुकीचे आहे. पॅकेजचा संपूर्ण क्रमांक पाहावा लागतो: २२.०४ साठी ८.९पी१-३उबुंटू०.१०, २४.०४ साठी ९.६पी१-३उबुंटू१३.३, आणि डेबियन १२ साठी ९.२पी१-२ च्या पुढे डेब१२यू३, किंवा त्यांच्यानंतरचे काहीही. नवी रचना हवी असेल तर डेबियन १३ वर जावे, तेथे १०.० आहे. मी ज्या ठिकाणी नवे सर्व्हर उभे करते तेथे आता तेच घेते.

जुने तेच बरे, असे म्हणणाऱ्यांना या दोषाने एक तात्पुरता आधार मिळाला. दोष ८.५ पासून सुरू झाल्यामुळे ८.२ असलेले उबुंटू २०.०४ आणि ७.४ असलेले सेंटओएस ७ (लिनक्सचा आणखी एक प्रकार) यांना तो लागू नव्हता. आरएनटी मार्गावरच्या एका परिचिताने मला हे मोठ्या समाधानाने ऐकवले. पण सेंटओएस ७ चा आधार, म्हणजे अपडेट मिळण्याची सोय, ३० जून २०२४ रोजी, म्हणजे दोष जाहीर होण्याच्या आदल्याच दिवशी, कायमचा संपला, आणि उबुंटू २०.०४ चा नेहमीचा आधार मे २०२५ मध्ये संपला. त्यांच्यात पुढे जो दोष सापडेल त्याचा पॅच आपोआप येणार नाही. उबुंटूसाठी पाच यंत्रांपर्यंत वैयक्तिक वापरास विनामूल्य असलेली उबुंटू प्रो ही सोय घेता येते, ती निदान घ्यावी.

पॅच लगेच घेता येत नसेल तर लॉगिनग्रेसटाइम शून्यावर आणावा, असा एक तोडगा तेव्हा सुचवला गेला होता. त्याने मुदतच नाहीशी होते, सिग्नल येत नाही आणि कोड चालवण्याचा धोका टळतो. पण मग कोणीही शंभर मुक्या जोडण्या उघडून तुमच्या सर्व्हरचे लॉगिन अडवून धरू शकतो. एका रात्रीपुरता हा उपाय ठीक होता. ज्यांनी तो तेव्हा केला आणि पॅच नंतर घेतला, त्यांनी ती ओळ काढून टाकली आहे का हे पाहावे. माझ्याकडे आलेल्या सर्व्हरांवर ती अजून आढळते.

पर्याय काय आहेत, असे विचारले जाते. ड्रॉपबेअर हे छोटे एसएसएच सॉफ्टवेअर राउटरसाठी उत्तम आहे, सर्व्हरसाठी मला ते अपुरे वाटते. आमच्या बाजारात खरी तुलना होते ती विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपशी, कारण टॅलीचे यंत्र घरून उघडण्यासाठी अनेकांनी पोर्ट ३३८९ सरळ इंटरनेटवर उघडे ठेवलेले असते. मे २०१९ मध्ये त्या सेवेत ब्लूकीप हा दोष सापडला, तोही ओळख पटवण्यापूर्वीचा, आणि मायक्रोसॉफ्टने त्यासाठी आधार संपलेल्या विंडोज एक्सपीलासुद्धा पॅच दिला, यावरून त्याचे गांभीर्य कळावे. २०२० मध्ये विंडोज डोमेनच्या, म्हणजे कार्यालयातील यंत्रे एकत्र सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या, नेटलॉगऑन या ओळख तपासणाऱ्या सेवेत झिरोलॉगऑन हा दोष सापडला. सगळी शून्ये पाठवत राहिले की सरासरी २५६ प्रयत्नांत एकदा ओळख पटल्याचे मान्य होत असे, म्हणजे काही सेकंदांचे काम. या दोन्हींच्या तुलनेत दहा हजार प्रयत्न आणि एक रात्र मागणारा ओपनएसएसएचचा दोष बराच कठीण होता, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

माझी शिफारस अशी आहे. ओपनएसएसएच वापरावे, पण सगळ्या जगासाठी उघडे ठेवू नये. कार्यालयाला स्थिर आयपी पत्ता असेल तर फायरवॉलमध्ये, म्हणजे जोडण्या अडवणाऱ्या चौकीत, तेवढ्याच पत्त्याला परवानगी द्यावी. तो नसेल, तर २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच असलेले वायरगार्ड हे खाजगी, बंदिस्त जोडणी (व्हीपीएन) देणारे साधन पुढे उभे करावे. अनोळखी पॅकेटला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपणाऱ्याला तेथे काही आहे याचा पत्ता लागत नाही. सर्व्हरचे लॉग किमान १८० दिवस ठेवण्याचा सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२ चा आदेश आहे, आणि उबुंटूचे मूळ सेटिंग मात्र चार आठवड्यांनंतर ते पुसून टाकते. जुने लॉग पुसणाऱ्या लॉगरोटेट या प्रोग्रामच्या फाइलमध्ये हा आकडा बदलावा, म्हणजे टाइमआउटच्या त्या ओळी शोधायची वेळ आलीच तर त्या सापडतील. लोकमान्यनगरच्या पतसंस्थेत हे सगळे करून घेतले आहे, आणि अपडेट आपोआप झाले की नाही हे पाहण्यासाठी महिन्याच्या पहिल्या सोमवारी काका स्वतः मला फोन करतात.